गजावरची खूण

चकमकीच्या बंदुकीचा चाप ओढला की लगेच बार होत नाही. आधी घोडा पडतो. घोड्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी पोलादी पानावर घासत जाते, ठिणग्या खालच्या इवल्याशा वाटीतल्या रंजकीवर पडतात, रंजक भस्सकन पेटते, तिची झळ नळीच्या कुशीतल्या बारीक भोकातून आत शिरते आणि मग आतली दारू पेट घेते. सगळं सेकंदाच्या एका तुकड्यात उरकतं, पण तो तुकडा कानाला वेगळा कळतो. खट्, भस्स, धाड्.

"या मधल्या वेळात हलायचं नाही," मामा म्हणाला. "चाप ओढला की आपलं काम झालं असं वाटतं. झालेलं नसतं. गोळी जाऊन लागेपर्यंत नळीच्या टोकावरच्या माशीवरची नजर काढायची नाही. या खेळाचं सगळं मर्म तेवढ्या क्षणात आहे."

"आणि पूर्वी त्या क्षणाच्या पलीकडे कोण उभं असायचं?" मी विचारलं.

आमचा वाद असा सुरू झाला आणि रात्रीपर्यंत चालला.

मामा आईचा सगळ्यात धाकटा भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. गेली पस्तीस वर्षं तो अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी राहतो. डिझेल इंजिनांच्या कामासाठी पुण्याहून तिकडे गेलेली बरीच मराठी कुटुंबं त्या गावात आहेत, मामा त्यांतलाच. मी सिंधुदुर्गातल्या एका शाळेत इतिहास शिकवला आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. सप्टेंबरात त्याच्याकडे राहायला गेले, तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात त्याने मला गाडीत बसवलं आणि मक्याच्या, सोयाबीनच्या शेतांमधून सव्वा तासावरच्या एका खेड्यात नेलं. खेड्याचं नाव फ्रेंडशिप. एरवी तिथे शंभर माणसंही दिसू नयेत. पण जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये ठासणीच्या बंदुकांचे नेमबाज देशभरातून तिथे गोळा होतात. टेकडीच्या पायथ्याशी लक्ष्यांची रांग, तिच्यासमोर नेमबाजांची रेषा, रेषेमागे बार भरायची लाकडी बाकं, आणि सगळ्यावर रेंगाळणारा पांढरा धूर. दिवाळीच्या पहाटेचा वास भरदुपारी.

हे मैदान नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन या संस्थेचं. 1931 मध्ये ओहायो राज्यातल्या पोर्ट्समथला काही हौशी माणसांनी आजा-पणजांच्या जुन्या रायफली बाहेर काढून एक स्पर्धा घेतली आणि 1933 मध्ये संस्था उभी राहिली. तोवर काडतुसाच्या बंदुका येऊन दोन-तीन पिढ्या उलटल्या होत्या. तोंडाकडून दारू भरायची, वरून गोळी ठासायची ही विद्या विसरली जाईल, या काळजीतून हे सुरू झालं, असं मामा सांगतो. आता अनेक देशांत हा खेळ आहे. 1971 पासून त्याची आंतरराष्ट्रीय संघटना आहे आणि जागतिक स्पर्धेत अर्ध्या तासात तेरा बार उडवायचे, त्यांतले उत्तम दहा धरायचे असा नियम आहे.

"अर्ध्या तासात तेरा," मामा म्हणाला. "आजच्या बंदुकीला तेरा गोळ्या म्हणजे काही सेकंदांचं काम. इथे एकेका गोळीला दोन मिनिटं द्यावी लागतात. म्हणून मला हा खेळ आवडतो. घाई केलीस तर तो तुला खेळूच देत नाही."

मामाची रायफल त्याने स्वतः जुळवलेली आहे. नळी आणि चाप विकत घेतले, दस्त्याचं मेपलचं लाकूड दोन हिवाळे तळघरात बसून तासलं. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात येऊन राहिलेल्या जर्मन कारागिरांनी जी लांब, सडपातळ रायफल घडवली, तिची ही नक्कल. त्या लाकडाला आधी लोखंड विरघळवलेलं नत्राम्ल लावायचं, मग गरम लोखंडाची आच दाखवायची, की वाघाच्या अंगावरच्यासारखे पट्टे वर येतात. वर जवसाचं तेल, तळहाताने चोळून, महिनाभर रोज थोडं थोडं. मी दस्त्यावरून हात फिरवला. आजोळच्या झोपाळ्याच्या पाटाला असाच गुळगुळीतपणा होता. ही वस्तू सुंदर आहे, हे मी तेव्हाच कबूल केलं, आणि माझी अडचण तिथूनच वाढली.

मामाने बार भरायला घेतला. कमरेच्या शिंगातून दारू थेट नळीत ओतत नाहीत. नळीच्या तळाशी एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल तर सगळं शिंग हातात फुटेल. म्हणून आधी पितळी मापात, मग मापातून नळीत. माप साठ ग्रेनचं, म्हणजे चार ग्रॅमला थोडं कमी, चहाचा एक लहान चमचा. मग चिंधी. गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड असतं ना, तेच, तेला-मेणात भिजवलेलं. चिंधीवर शिशाची गोळी. नळीचा व्यास 12.7 मिलिमीटर, गोळीचा साधारण 12.4, उरलेली फट चिंधी भरून काढते. नळीच्या आत मळसूत्रासारखे आटे असतात, चिंधी ते पकडते आणि गोळीला फिरकी देते. त्या फिरकीमुळे गोळी सरळ जाते. मग गज.

प्रत्येक गोष्ट करताना मामा मोठ्याने तिचं नाव घेत होता. मराठीत. "दारू. चिंधी. गोळी. गज." शेजारच्या बाकांवरच्या माणसांना त्याची सवय असावी, कुणी मान वळवली नाही. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची लकब आहे.

"हे सगळं मला कळतं," मी म्हणाले. "हाताचं काम आहे, कसब आहे. पण मामा, हा ओढा बघ."

मैदानाजवळून एक ओढा वाहतो. नाव लॉगरी क्रीक. जायच्या आदल्या रात्री मी त्याच्याविषयी वाचलं होतं, ती माझी जुनी खोड. 1781 च्या ऑगस्टमध्ये आर्चिबाल्ड लॉखरी नावाचा अधिकारी पेनसिल्व्हेनियाच्या शंभरेक शिपायांना घेऊन ओहायो नदीतून खाली उतरत होता. हा ओढा नदीला मिळतो तिथे मोहॉक पुढारी जोसेफ ब्रँटच्या योद्ध्यांनी त्याला गाठलं. एकही माणूस सुटला नाही; मारले गेले किंवा धरले गेले. लॉखरीचंच नाव बिघडत बिघडत ओढ्याला चिकटलं.

"आणि पुढे काय झालं तेही तुला माहीत आहे," मी म्हणाले. "ज्यांनी त्या दिवशी जिंकलं त्यांच्या नातवंडांना इथे जागा उरली नाही. 1838 च्या सप्टेंबरात, याच महिन्यात, याच राज्याच्या उत्तरेकडून साडेआठशेवर पोटावाटोमी जमातीच्या माणसांना बंदुकांच्या पहाऱ्यात चालवत कॅन्सासला नेलं. चाळीसहून जास्त वाटेत मेली, बहुतेक मुलं. ज्या बंदुकीच्या बळावर हे झालं ती याच जातीची. तिच्यावर वाघाचे पट्टे उमटवायचे, जवसाचं तेल चोळायचं, आणि मग पलीकडे त्या तंबूंमध्ये तेव्हाचे कपडे घालून बसायचं. माझा आक्षेप त्याला आहे."

मैदानाच्या एका अंगाला खरोखरच तंबूंची वस्ती होती. तिथे 1840 च्या आधीचा पेहराव लागतो. हरणाच्या कातड्याचे सदरे, हाताने शिवलेले जोडे, चुलीवर काळी कढई. माणसं भली होती. एका बाईंनी मला मक्याची भाकरी दिली, तिच्यावर लोणी घातलं, मी कोकणातून आले म्हटल्यावर नकाशा काढून कोकण कुठे ते विचारलं. मला त्यांच्याविषयी तक्रार नव्हती. पण त्या वस्तीत एक माणूस नव्हता, ज्याच्याकडे त्या काळी नळीचं तोंड असायचं, तो.

मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी ते कपडे घालत नाही. एकदा विकत घेतले होते. घरी आरशासमोर उभा राहिलो आणि काढून ठेवले. का ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. तू म्हणतेस ते असेल." मग आवाज चढवून, "पण तू मला सांग, ऑगस्ट 2024 मध्ये स्वप्निल कुसाळेला पॅरिसला ब्राँझ मिळालं तेव्हा शाळेत पेढे कुणी वाटले?"

"मी."

"तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली तेव्हा?"

"तेव्हाही मीच. पण ती रायफल खेळासाठी घडवलेली आहे. तिने कधी कुणाचं गाव उठवलं नाही."

"तिची आजी कोण? भालाफेकीचा भाला कुठून आला? कोल्हापूरच्या मर्दानी खेळात पोरी दांडपट्टा फिरवतात तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी येतं, मी पाहिलंय. तो पट्टा काय उसाचं पाचट कापायला केला होता? कोडगूत कैलपोळ्दच्या सणाला झाडावर बांधलेल्या नारळावर नेम धरतात. गाव जमतं, बायकाही बार काढतात. हत्यार हातात राहतं, वैर सुटतं. तसं व्हायला काहीतरी खेळावं लागतं."

हा मुद्दा वजनदार होता. मी तो बाजूला सारला नाही, आजही सारत नाही. पण पट्टा आमच्याकडे राहिला तो पट्ट्याने काय केलं त्याच्या पोवाड्यासकट राहिला, मारणाऱ्याच्या आणि मेलेल्याच्याही. इथे अर्धाच पोवाडा गायला जातो, असं मला वाटत होतं आणि मी तसं म्हणाले.

दुपारी एक गोष्ट घडली. मामाच्या शेजारच्या बाकावर एक गृहस्थ वेगळी बंदूक घेऊन आले. जाड, लष्करी, नळीला दस्त्याशी धरणारी तीन कडी. मी चित्रांत ती इतक्यांदा पाहिली होती की ओळखायला क्षण लागला नाही. 1853 च्या बनावटीची एन्फिल्ड, 39 इंची नळीची. त्यांनी खिशातून एक पत्र्याची डबी काढली आणि शिशाच्या लांबट गोळीचं बूड तिच्यातल्या पिवळट लगद्यात बुडवलं.

"हे काय आहे?" मी इंग्रजीत विचारलं.

"मधमाशीचं मेण आणि चरबी," ते म्हणाले. "गाईची. काळी दारू नळीत फार काजळी धरते. वंगण नसेल तर चौथ्या-पाचव्या बाराला गोळी खाली उतरतच नाही."

मी डबी हातात घेतली. पस्तीस वर्षं मी शिपायांच्या उठावाचा धडा फळ्यावर लिहीत आले होते: एन्फिल्ड रायफल, चरबी लावलेली काडतुसं, 29 मार्चला बराकपूर, 10 मे ला मीरत. दाताने काडतूस तोडायचं, दारू नळीत ओतायची, उरलेलं चरबीच्या कागदासकट ठासायचं. मुलं विचारायची, "पण बाई, चरबी लावायचीच कशाला?" मी पुस्तकात होतं तेवढं सांगायचे, काडतूस सहज सरकावं म्हणून. त्या डबीने मला कारण दाखवलं. काळी दारू जळते तेव्हा निम्म्याहून जास्त ऐवज धूर होऊन आणि काजळी होऊन मागे राहतो. नळीतले आटे त्या काजळीने भरतात. आट्यांची रायफल शिपायाच्या हाती द्यायची तर वंगण द्यावंच लागणार, आणि ते वंगण कशाचं हे त्याला विचारायची सरकारला गरज वाटली नाही. मीरतला एप्रिलमध्ये नव्वदांपैकी पंच्याऐंशी स्वारांनी काडतूस हातात घ्यायला नकार दिला. तोवर दाताऐवजी हाताने काडतूस फाडायची मुभा मिळाली होती, तरीही. कारण प्रश्न दाताचा राहिला नव्हता.

मी हे त्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, कानावरचे गोळे काढून ऐकलं. त्यांना त्यांच्या यादवी युद्धातली एन्फिल्ड माहीत होती, आमची नाही. डबी त्यांनी माझ्या हातातून परत घेतली नाही. मी देईपर्यंत थांबले.

"बघ," मामा नंतर म्हणाला. "ही बंदूक काचेच्या कपाटात असती तर तुला हे कळलं असतं का? ती कुणीतरी अजून भरतो, म्हणून कळलं."

"कळलं," मी म्हणाले. "पण मामा, त्यांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं बुडवतायत गोळी त्यात."

"आता माहीत झालं."

"मी आले म्हणून."

"मग येत जा."

मामा दारूच्या घडणीकडे वळला. सोरा पंचाहत्तर भाग, कोळसा पंधरा, गंधक दहा. त्याला हे प्रमाण मंत्रासारखं पाठ आहे. मी त्याला सांगितलं की अठराव्या शतकात युरोपात जाणारा बराचसा सोरा बिहारचा होता. नोनिया जातीची माणसं गोठ्यातली, जुन्या भिंतींच्या बुडाची खारी माती खरवडायची, पाण्यात गाळायची, काहिलीत आटवायची, आणि पाटण्याहून कंपनीची गलबतं तो भरून न्यायची. म्हणजे अर्ध्या जगातल्या बंदुकांत आमच्या गोठ्यांची माती भरलेली असे, आणि त्यातल्या कित्येक फिरून आमच्याचवर रोखल्या गेल्या. मामाने मापातली दारू तळहातावर घेऊन पाहिली. काळे चकचकीत दाणे, मोहरीपेक्षा बारीक. "हे मला कुणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला, आणि दाणे न सांडता परत मापात ओतले.

कायद्यावरून मात्र आमचं चांगलंच वाजलं. अमेरिकेच्या 1968 च्या कायद्यात जुन्या घडणीची ठासणीची बंदूक बहुतेक बाबतीत बंदूक धरलीच जात नाही. मामाने नळी टपालाने मागवली. आमच्याकडे माकडं आणि रानडुकरं पिकाची नासाडी करतात म्हणून बागायतदाराला तशीच बंदूक हवी असेल तर परवाना, चौकशी, नूतनीकरण, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. ऐन डुकरांच्या दिवसांत बंदूक ठाण्यात आणि भात डुकरांच्या पोटात, असं कित्येकदा झालंय. मामाचं मत, आमचा कायदा शेतकऱ्यावर अविश्वास दाखवतो. माझं मत, ज्या देशात शाळेत पोरं बंदुकीला बळी पडतात त्या देशाने कुठल्याही नळीला सूट देताना दहादा विचार करावा.

"मिनिटाला एक बार निघणाऱ्या बंदुकीने कुणी शाळेत जात नाही," तो म्हणाला.

"एक बारही पुरतो. आपल्याच पडवीत पुरला होता."

हे मी बोलायला नको होतं, किंवा बोलायलाच हवं होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

देवगड तालुक्यातलं माझं आजोळ. हापूसची कलमं, उतारावर भाताची कोपरं, आणि पडवीत खुंटीवर आजोबांची परवान्याची ठासणीची बंदूक. खंडेनवमीला कोयती, पारय, नांगराचा फाळ यांच्याशेजारी तीही पाटावर असायची, झेंडूचं फूल वाहिलेली, असं आई सांगे. मी मात्र ती कधी पाहिली नाही. मला आठवतो तो आमच्याकडचा गडी. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. उरलेल्या बोटांनी तो नारळ सोलायचा, आणि मला खांद्यावर घ्यायचा तेव्हा माझ्या पोटरीला तो अपुरा हात लागायचा. एका पहाटे माकडं कलमांत शिरली म्हणून त्याने बार काढला आणि नळी फुटली. घरात एवढंच सांगितलं जायचं: नळी जुनी होती. आजोबांनी परवाना परत केला. पुढे खंडेनवमीला पाटावर तेवढी जागा मोकळी ठेवायचे.

मामाने रायफल बाकाच्या खाचेत उभी केली, नळी आभाळाकडे.

"नळी जुनी नव्हती," तो म्हणाला. "तिच्यात दोन बार होते."

मी गप्प राहिले.

"पहिला मी भरला होता. चौदा वर्षांचा होतो. मला हात लावायची बंदी होती. संध्याकाळी बाबा देवळात गेले तेव्हा खुंटीवरून काढली. दारू, सोडणाचा काथ्या, छर्रे, वर परत काथ्या. सगळं बाबा करतात तसं. माकडं आलीच नाहीत. बाबांची पावलं वाजली, मी ती होती तशी खुंटीला लावली. कुणाला सांगितलं नाही. रात्री झोपताना सांगावंसं वाटलं, पण मार पडला असता. पहाटे त्याने बंदूक घेतली, रिकामी समजून परत भरली."

रेषेवरून बारांचा आवाज येत होता, एकेक, सावकाश. धूर ओढ्याच्या दिशेने सरकत होता.

"आजोबांना कधी सांगितलंस?"

"नाही. त्याला सांगितलं. पहिल्यांदा इकडे येण्याआधी, वीस वर्षांनी. तो माडाखाली बसला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'माका ठावक होता. गज वर रवलेलो. माका दिसलो, तरी मी ठासलंय.'"

मामाने गज माझ्या हातात दिला. हिकरीचं लाकूड, तेलाने काळपट झालेलं. वरच्या बाजूला दोन आडव्या रेघा कोरलेल्या. "रिकाम्या नळीत गज या वरच्या रेघेपर्यंत आत जातो. बार भरलेला असला की या खालच्या रेघेवर थांबतो. दर वेळी भरण्याआधी घालून बघायचा. गोळी नीट दारूवर टेकली की नाही हेही त्यावरूनच कळतं. मध्ये पोकळी राहिली तरी नळी फाटू शकते. इथे प्रत्येकाच्या गजावर अशी खूण असते. मी या मैदानावर पहिल्यांदा आलो तो एका सहकाऱ्याबरोबर, नुसता बघायला. त्याने मला ही खूण दाखवली, आणि मी पुढच्या महिन्यात नाव नोंदवलं."

मी दोन रेघांमध्ये बोटं ठेवून पाहिली. दोन बोटं मावली.

"म्हणून मोठ्याने म्हणतोस," मी म्हणाले. "दारू, चिंधी, गोळी."

"त्या दिवशी म्हटलं नाही म्हणून."

मी मामाशी वाद घालायला जे सगळं घेऊन गेले होते ते खोटं ठरलं नाही. ओढ्याचं नाव तेच आहे, पोटावाटोमींची वाट तीच आहे, डबीतली चरबी तीच आहे. पण मी धरून चालले होते की जुन्या हत्याराचा छंद म्हणजे विसरण्याचा एक देखणा मार्ग. माझ्यासमोरचा माणूस मात्र सत्तराव्या वर्षीही, चौदाव्या वर्षी केलेलं विसरता येऊ नये म्हणून दर दोन मिनिटांनी गज नळीत घालत होता. तिथल्या सगळ्यांचं तसं असेल असं मी म्हणत नाही. तंबूंच्या वस्तीत मला ते दिसलं नाही. रेषेवर, नियमांत, मला ते दिसलं: रंजक रेषेवर आल्याशिवाय टाकायची नाही, बार फुसका गेला तर नळी लक्ष्याकडेच धरून थांबायचं, कारण आत काय धुमसतंय सांगता येत नाही, हाक आल्याशिवाय कुणी रेषेपुढे पाऊल टाकायचं नाही. यातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी हातावरून, डोळ्यावरून आलेला असणार.

"तू काढतेस एक बार?" मामाने शेवटी विचारलं.

"नाही."

त्याने पुन्हा विचारलं नाही. मला ते बरं वाटलं.

लक्ष्यं बदलायला रेषा थांबली तेव्हा आम्ही पुढे गेलो. रेषेपासून पाच-सात मीटरवर गवतात मामाच्या उडालेल्या चिंध्या पडल्या होत्या. तो त्या वेचतो आणि वाचतो. एका चिंधीच्या मध्यभागी गोळी टेकल्याचा वाटोळा काळा ठसा होता आणि चार घड्यांच्या चार रेघा, कडा अखंड. "ही चांगली." दुसरीला मध्ये भोक जळालं होतं. "ही पातळ पडली, किंवा दारू जास्त झाली. या बाराला नेम चुकला असणार." लक्ष्यावर पाहिलं तर एक गोळी खरोखर डावीकडे, सातच्या वर्तुळात. बाकीच्या नऊ माझ्या तळहाताखाली झाकल्या गेल्या. मी हात ठेवून पाहिला, कागद उबदार होता, उन्हाने.

परतीच्या वाटेवर आम्ही फारसं बोललो नाही. व्हर्सायल्स गाव लागलं, त्याचा उच्चार तिथले लोक व्हर्सेल्स करतात एवढंच त्याने सांगितलं.

घरी पोचल्यावर आधी चहा नाही, आधी बंदूक. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते. रात्रभर तशी ठेवली तर सकाळी गंज. मामाने नळी दस्त्यापासून सोडवली, तिचं बूड बादलीतल्या पाण्यात उभं केलं. मी किटलीतून वरून गरम पाणी ओतायचं, त्याने गजाला चिंधी गुंडाळून वरखाली करायचं, पिचकारीसारखं. पहिलं पाणी शाईसारखं काळं आलं. वास नासक्या अंड्याचा, गंधकाचा. तो वास आजोळच्या पडवीत मी कधी घेतला नव्हता. मी यायच्या आधीच तो तिथून गेला होता. दुसरं पाणी करडं. तिसरं नितळ. मग कोरड्या चिंध्या, एकामागून एक, शेवटची पांढरी येईपर्यंत. मग तेल.

मामाने नळी दस्त्यात बसवली, खिळी ठोकली आणि रायफल माझ्याकडे दिली. ती वाटली होती त्यापेक्षा जड होती.

"गज घालून बघ," तो म्हणाला.

मी घातला. वरची रेघ नळीच्या तोंडाशी येऊन थांबली.

"सांग."

"आहे बरोबर."

"तसं नाही. मोठ्याने सांग."

"रिकामी," मी म्हणाले.